वातीच्या जागी बेदाणा

तेरखेड्यात लिंबाजी मुकादमाला लोक विस्तवापेक्षा जास्त भीत. विस्तव निदान लांबून दिसतो तरी. लिंबाजी कुठून उगवेल ते सांगता यायचं नाही. फटाक्यांच्या शेडवर तीस वर्षं मुकादमी करताना त्यानं कुणाच्या पटक्यातून, कुणाच्या चपलेतून आणि एकदा तर हळद लागलेल्या नवरदेवाच्या टॉवेलातून काडेपेटी काढली होती. रोज सकाळी आठला शेडच्या दारात तपासणी व्हायची. आधी लिंबाजी स्वतःचे दोन्ही खिसे उलटे करून सगळ्यांना दाखवायचा आणि मग दुसऱ्यांच्या खिशांकडं वळायचा. मालक आले तर मालकांचेही खिसे बघायचा. या एका गोष्टीवर त्याची गावात इज्जत होती, आणि ती त्यानं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती.

याला कारण होतं. तरुणपणी तो दुसऱ्या एका गावी कामाला असताना जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये ठिणगी पडली. माणसं बाहेर झाडाखाली भाकरी खात होती म्हणून वाचली, पण छपराचा पत्रा उडून कडुलिंबाच्या शेंड्यात अडकला आणि पुढं तीन वर्षं तिथंच लोंबत राहिला. तेव्हापासून लिंबाजीचा दुसऱ्याच्या हातातल्या काडीवर भरवसा उरला नाही. घरातली गॅसची शेगडीसुद्धा तोच पेटवायचा आणि तोच बंद करायचा. बायकोला, विठाबाईला, लग्न होऊन चौतीस वर्षं झाली तरी काडी ओढायची परवानगी नव्हती. विठाबाईची याबद्दल काही तक्रार नव्हती. रोज पहाटे आयता चहा मिळत असेल तर कोण कशाला तक्रार करील?

विठाबाईची तक्रार वेगळीच होती आणि ती तिच्या हातांबद्दल होती.

बावीस वर्षं तिनं शेडवर काम केलं होतं, फटाक्याच्या चंदेरी पावडरीत आणि सुतळी बॉम्ब वळायला. पाच वर्षांपूर्वी तिनं दोन्ही सोडलं, पण चंदेरी रंग काही तिला सोडायला तयार नव्हता. चिंच झाली, लिंबू झालं, राख झाली, तरी नखांच्या मुळाशी आणि तळहाताच्या रेघांत ती पुसट चमक राहिलीच. एवढ्यावर भागलं असतं. पण एका वर्षी मारुतीच्या भंडाऱ्याला तिनं लाटलेल्या पुरीवर एक चंदेरी बोट उमटलं, आणि पंगतीतला कुणीतरी म्हणाला, "विठाबाईच्या पुरीला वात लावा, वाजंल." सगळी पंगत हसली. अशा गोष्टी गाव विसरत नाही. पुढारी कोणत्या साली काय बोलला ते विसरेल, पण हे नाही. त्या वर्षापासून भंडाऱ्याला विठाबाईच्या वाट्याला पत्रावळ्या मांडणं आणि भांडी घासणं आलं. कणकेला तिला कुणी हात लावू दिला नाही. कामं वाटून देणारी गौराबाई, म्हणजे बचत गटाची अध्यक्ष, दर साली म्हणायची, "विठा, तू आपली पत्रावळीकडं बग," आणि विठाबाई आपली पत्रावळ्यांकडं बघायची.

म्हणून तालुक्याच्या वाशीहून बचत गटाच्या शिवप्रिया मॅडम आल्या आणि त्यांनी बिनाविस्तवाच्या खाऊची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा सगळ्यांत आधी नाव दिलं ते विठाबाईनं. नियम साधे होते. फळं आणि दाणे वापरून पंधरा मिनिटांत होणारा, अंगी लागणारा खाऊ करायचा, आणि विस्तव लावायचा नाही. फटाक्यांच्या गावात हे ऐकून लोकांना हसू आलं. इथं दिवसभर विस्तव लावायचा नसतो हे काय मॅडमनी सांगायला पाहिजे होतं?

"नंबर नगं मला," रात्री जेवताना विठाबाई लिंबाजीला म्हणाली. "माज्या हातचं चार बायांनी खावं, एवढंच पायजे."

"खात्याल की," लिंबाजी म्हणाला. त्याचं लक्ष शेगडीच्या नळीकडं होतं.

विठाबाईनं काय करायचं ते ठरवलं होतं. दिवाळीला त्यांची मुलगी हर्षाली धाराशिवहून येताना पीनट बटरचा डबा घेऊन आली होती. ती तिकडं दवाखान्यात नर्स आहे आणि सकाळी घाईत केळ्याला ते लावून खाते. विठाबाईनं डब्यात बोट घालून चाखलं, डब्यावरची किंमत लेकीकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "ह्ये तर आपलं शेंगदाण्याचं कूट हाय. नुसतं लई येळ कुटलेलं." मग तिनं खजुराच्या बिया काढून खजूर मळला, त्यात ते शेंगदाण्याचं लोणी घातलं, मधे केळ्याची चकती दडवली आणि खोबऱ्याच्या किसात घोळवून लाडू वळला. दहा मिनिटं लागली. हर्षालीनं एका दमात चार खाल्ले आणि डबा आईलाच ठेवून गेली. तो संक्रांतीपर्यंतच पुरला.

तर स्पर्धेचा खाऊ ठरला होता. अडचण दुसरीच आली. विस्तव लावला की नाही हे बघायला कोण नेमायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा गौराबाई हसत म्हणाली, "आपल्या गावात त्याला एकच माणूस हाय." आणि लिंबाजीला तपासनीस केलं.

लिंबाजी त्या संध्याकाळी घरी आला तो छाती काढूनच. विठाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ती काय समजायचं ते समजली. या माणसाला काम द्या, तो त्याचं कुठं टोक गाठेल ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्याला एका शब्दानं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तो आठला शेडवर गेला, तशी तिनं कच्चे शेंगदाणे घराच्या पत्र्यावर पसरले. एप्रिलचं ऊन, त्रेचाळीसचा पारा. पाच वाजता तो यायच्या आत दाणे खाली. असं तीन दिवस चाललं. शेडवर ओल्या सुतळीचा माल असाच वाळवतात, नुसत्या उन्हावर. तिथं दुसरा इलाजच नसतो. चौथ्या दिवशी दाणे सालं सोडून कुरकुरीत झाले. मग तिनं ते उखळात घातले आणि दुपारभर कुटले. आधी कूट झालं, मग त्याचा गोळा झाला, मग गोळा तेल सोडून मऊ पडला. हाताला वंगण लागावं तसं लोणी लागलं. ते तिनं बरणीत भरून पिठाच्या डब्यामागं दडवलं.

स्पर्धा रविवारी चार वाजता शाळेच्या ओसरीत भरली. अकरा बायका, अकरा ताटं. सगळ्यांनी एकमेकींचा खाऊ चाखायचा आणि आवडेल त्याच्या वाटीत चिंचोका टाकायचा, असं ठरलं होतं. लिंबाजी धुतलेला सदरा घालून आला होता. मॅडमनी त्याला खुर्ची दिली, ती त्यानं घेतली नाही. पाणी दिलं, तेही घेतलं नाही. "तुम्हीही चाखा हं, काका," मॅडम म्हणाल्या. "तपासणारा खात नसतोय," लिंबाजी म्हणाला आणि त्यानं सवयीनं स्वतःचे खिसे उलटे करून दाखवले. शिवप्रिया मॅडम मूळच्या अणदूरच्या. त्यांना या प्रकाराची सवय नव्हती, त्या जरा बावरल्या.

पंधरा मिनिटं संपली आणि लिंबाजी पहिल्या ताटापाशी उभा राहिला. पहिलं ताट त्याच्याच बायकोचं होतं.

त्यात तीस लाडू होते. तीसही एकसारखे, एकाच मापाचे, सुतळी बॉम्बएवढे. बावीस वर्षांत हाताला जे माप बसलं ते बसलं. एवढंच नाही, तर प्रत्येक लाडवाच्या डोक्यावर अंगठ्याच्या नखाची एक खळगी होती. ही वातीची जागा. माल वळून झाला की खळगी पाडायची, ती हातानं आपोआप पाडली होती. विठाबाईच्या लक्षात आलं तेव्हा तिसावा लाडू झाला होता. आता काय करायचं म्हणून तिनं प्रत्येक खळगीत एकेक बेदाणा बसवून टाकला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लांब हुबी ऱ्हा गं," आणि दोघी-तिघी फिसकन हसल्या.

लिंबाजीनं ते ऐकलं नाही. तो आता नवरा नव्हता, तपासनीस होता. त्याला वाटलं, सुरुवात घरापासून केली म्हणजे गावाला बोलायला जागा उरणार नाही.

"शेंगदाणे हायत ह्याच्यात," तो मोठ्यानं म्हणाला. "शेंगदाणे भाजावं लागत्यात. भाजणं म्हंजी विस्तव. ह्ये ताट बाद."

मॅडम म्हणाल्या, "अहो काका, तसं नाही, म्हणजे इथं विस्तव—" पण लिंबाजीनं हात वर केला. शेडवर तो हात वर झाला की मालकही गप्प बसतात.

विठाबाई मात्र गप्प बसली नाही. "अवो," ती शांतपणे म्हणाली, "घरातली शेगडी कोण पेटवतंय?"

"म्या."

"दुसरं कोण?"

"दुसरं कुणीच न्हाय."

"मग ह्या आठवड्यात तुमी शेंगदाणे भाजले का?"

लिंबाजीनं आठवून पाहिलं. चहा, भात, वरण, भाकरी. शेंगदाणे नाहीत. सगळ्या गावाला त्याच्या घरची शेगडी माहीत होती, तेव्हा दुसरी शंका काढायलाही जागा नव्हती. त्यानं एक लाडू उचलून नाकाशी धरला. काडी ओढलेल्या माणसाला दहा पावलांवरून ओळखणारं ते नाक. त्याला करपल्याचा, धुराचा, तव्याचा कसलाच वास आला नाही.

"पत्र्यावर वाळवल्यात," विठाबाई म्हणाली. "मालासारकं."

"खजूर?"

"झाडावरनं उतरला, उन्हात सुकला."

"खोबरं? बेदाणा?"

"त्येबी तसंच."

लिंबाजीला मनातून इतका अभिमान वाटला की त्याचे कान तापले. पण तपासनिसाला अभिमान दाखवून चालत नाही. "ह्ये ताट पास," तो कोरडेपणानं म्हणाला आणि पुढं सरकला. आणि इथून त्याची गाडी जी सुटली ती कुणाच्यानं थांबेना.

गौराबाईनं बिस्किटांचा केक केला होता, वरून डाळिंबाचे दाणे. "बिस्किटं कुठं हुत्यात? भट्टीत," लिंबाजी म्हणाला. बाद. भेळ होती, मुरमुरे भट्टीत फुटतात. बाद. काकडीच्या कोशिंबिरीत दही होतं. दही दुधाचं आणि दूध तापवलेलं. बाद. गूळ घातलेला प्रत्येक खाऊ बाद, कारण गुऱ्हाळाच्या कढईखाली काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. शिवगंगा नावाची नवी सून होती, तिनं बिचारीनं नुसतं लिंबाचं सरबत केलं होतं. तिला वाटलं, आपण तरी सुटलो.

"साखर हाय?" लिंबाजीनं विचारलं.

"हाय की, मामा."

"कारखान्याचं धुराडं बगितलंस का कवा?"

शिवगंगेनं खाली बघितलं. बाद.

अकरा ताटांपैकी दहा बाद झाली तेव्हा लिंबाजीच्या ध्यानात आलं की एकच उरलंय, आणि ते कुणाचं आहे.

बाकीच्यांच्या ते बरंच आधी ध्यानात आलं होतं. गौराबाईनं केकवर फडकं टाकलं. "घरातच बक्षीस न्यायचं हुतं, तर सरळ सांगायचं," ती म्हणाली. "आमी कशाला उन्हात येऊन बसलो असतो?" दुसरीनं पिशवी उचलली. तिसरी म्हणाली, "वात लावा आन् वाजवा आता दोगं मिळून." मॅडम कागद चाळत "थांबा, थांबा जरा" म्हणत होत्या आणि कुणी थांबत नव्हतं.

तीस वर्षांत लिंबाजीवर पहिल्यांदा कुणी वशिल्याचा आळ घेतला होता, आणि तोही त्यानं आयुष्यात सगळ्यांत काटेकोर काम केलं त्या दिवशी. त्याला राग आला. बोलायला त्यानं तोंडही उघडलं. पण तेवढ्यात त्याची नजर विठाबाईकडं गेली.

पहिला नंबर तिचाच होता. दुसरं कुणी उरलंच नव्हतं. पण ती ताटातले लाडू उगीच नीट लावत होती आणि तीसच्या तीस लाडू जागच्या जागी होते. एकाही बाईनं हात पुढं केला नव्हता. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. भंडाऱ्यात पत्रावळ्या मांडून झाल्या की ती असेच हात घेऊन बसायची, हे लिंबाजीनं दर साली पाहिलं होतं आणि दर साली त्याला वाटलं होतं की तिला गारठा लागत असेल. चैत्रात कसला गारठा? स्वतःच्या या अकलेची त्याला तिथल्या तिथं लाज वाटली. नंबर नको, चार बायकांनी खावं, असं ती म्हणाली होती, आणि त्यानं तिला नंबर देऊन बायका घालवल्या होत्या.

लिंबाजीला भराभर विचार करायची सवय नव्हती. तरी त्यानं केला.

"थांबा," तो ओरडला. तो शेडवरचा आवाज होता. जी जिथं होती तिथं थांबली. "तपासणी संपली न्हाय. विठा, ह्ये दाणे किती दिस पत्र्यावर हुते?"

"तीन."

"पत्र्याला हात लावून बगितलंस का दुपारचा?"

"चटका बसतोय."

"कशाचा चटका?"

"उन्हाचा," लिंबाजीनंच उत्तर दिलं आणि तो बायकांकडं वळला. "शेडवर चैतात दुपारी बाराच्या पुढं म्या पावडर सावलीत घेतो का न्हाय? हितल्या निम्म्या जणींनी काम केलंय माज्या हाताखाली. का घेतो? ऊनबी विस्तवच म्हणून घेतो. मग हिचे दाणे विस्तवावरच भाजले म्हणायचे. म्या चुकलो. आता एक तर अकराच्या अकरा बाद, न्हायतर अकराच्या अकरा पास. मॅडम, तुमी सांगा."

अर्धा तास बोलायची वाट बघत असलेल्या मॅडमनी एका श्वासात सांगून टाकलं की सगळी पास, नियम फक्त या ओसरीपुरता होता, आणि काका, तुम्ही आता कृपा करून बसा. लिंबाजी खुर्चीत बसला. लिंबाजी मुकादमानं सगळ्यांसमोर "म्या चुकलो" म्हटलेलं ऐकायला मिळालं, एवढ्यावरच बायकांचा राग निम्मा उतरला होता. फडकी निघाली, पिशव्या खाली आल्या.

"तुमचंच खरं," विठाबाई हळूच म्हणाली. चौतीस वर्षांत हे वाक्य लिंबाजी पहिल्यांदा ऐकत होता, आणि नेमकं त्या दिवशी ते त्याला स्वतःला खरं वाटत नव्हतं.

चाखायला सुरुवात झाली. चिंचोका टाकायचा तर प्रत्येकीचं खाणं भाग होतं, आणि गौराबाई अध्यक्ष, तेव्हा सुरुवात तिलाच करावी लागली. तिनं विठाबाईच्या ताटातला एक लाडू दोन बोटांत धरला, वरून पाहिला, खालून पाहिला.

"ही खळगी कशापायी गं?"

सगळ्या बघू लागल्या. विठाबाईनं पदराखालचे हात बाहेर काढले आणि ताटाशेजारी ठेवले.

"हाताची खोड," ती म्हणाली. "वातीची जागा हाय ती. वात संपली हुती, म्हणून बेदाणा लावला."

आधी शिवगंगा हसली, मग मॅडम, मग गौराबाईला आवरेना. त्या हसण्यात कधीतरी तिनं लाडू तोंडात टाकला. चावता चावता तिचं हसू थांबलं. केळ्याची चकती लागली असावी. तिनं उरलेल्या लाडवांकडं बघितलं आणि दुसरा उचलला. एकीनं एकच खायचा असा नियम होता, पण तपासनीस खुर्चीत बसून छताकडं बघत होता.

निकाल लागला तो असा: पहिला नंबर शिवगंगेच्या सरबताला. त्रेचाळीस डिग्रीत दुसरं काय होणार? दुसरा केकला, तिसरा विठाबाईला. मॅडमनी स्टीलचा डबा दिला, तो तिनं घेतला, पण ती बघत होती ताटाकडं. ताटात खोबऱ्याचा चुरा तेवढा उरला होता, आणि शिवगंगा बोटानं तोही पुसून खात होती.

निघताना गौराबाई चपला घालता घालता म्हणाली, "भंडाऱ्याला सकाळी सहालाच ये. वीस किलोची कणीक हाय, माज्या एकटीच्यानं हुत न्हाय."

"आन् पत्रावळ्या?"

"मांडतील कुणीबी. पोरं हायत की."

वाटेत विठाबाई भरभर चालत होती आणि लिंबाजी मागं पडत होता. घर येईस्तोवर त्यानं कळ काढली. मग म्हणाला, "मला एकबी न्हाय ठिवलास?"

"तपासणारा खात नसतोय," विठाबाई म्हणाली.

लिंबाजीनं शेगडी पेटवली आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आठला शेडच्या दारात सगळे रांगेत उभे होते, आणि रांगेच्या टोकापासून टोकापर्यंत खसखस चालली होती. गाव लहान आहे. बातमी रात्रीतच पोचली होती. "मुकादम," एक जण गंभीर चेहरा करून म्हणाला, "आज ऊन लई हाय. खिशात येतंय. काढून ठिवू का?"

तीस वर्षांची इज्जत त्यानं एका दुपारी उन्हात घातली होती आणि आता तिचं काय होईल ते होवो. त्यानं नेहमीप्रमाणं आधी स्वतःचा डावा खिसा उलटा केला. मग उजव्यात हात घातला आणि थांबला.

हात बाहेर आला तो कागदाची पुडी घेऊन. तीस वर्षांत मुकादमाच्या खिशातून पहिल्यांदा काहीतरी निघालं होतं. रांग टाचा उंच करून बघू लागली. लिंबाजीनं पुडी उलगडली. आत सुतळी बॉम्बच्या मापाचा एक लाडू होता, डोक्यावर नखाची खळगी आणि खळगीत बेदाणा.

"मुकादम, लांब जाऊन खावा," मागून कुणीतरी म्हणालं.

लिंबाजीनं लाडू सवयीनं नाकाशी नेला, वास घेतला आणि तिथंच, शेडच्या दारात, सगळ्यांच्या देखत खाल्ला. सावकाश खाल्ला. मग बोटं पुसली, उजवा खिसा नीट उलटा करून दाखवला आणि पहिल्या माणसासमोर जाऊन उभा राहिला.

"चल," तो म्हणाला. "दाव."